शिमग्याला गावी जाताय? माकडतापाबद्दल एवढं वाचून जा

बेंगळुरूत राहणाऱ्या कोकणी माणसाचं वर्ष तीन सुट्ट्यांत मावतं: गणपती, शिमगा आणि मे महिना. यातल्या शेवटच्या दोन सुट्ट्या पोरांच्या जास्त आवडीच्या, कारण तेव्हा काजूचा हंगाम असतो. बोंडं गोळा करायची, बिया भाजायच्या, अख्खा दिवस बागेत काढायचा. नेमक्या याच दिवसांत दोडामार्ग, सावंतवाडी, गोव्यातला सत्तरी तालुका आणि कर्नाटकातला मलनाड या पट्ट्यात एक ताप फिरत असतो. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात. कर्नाटकात नाव आहे 'मंगन कायिले', म्हणजे माकडाचा आजार. डॉक्टरांच्या भाषेत क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी.

कोरोनानंतर 'नवा विषाणू' म्हटलं की आपल्याला विमानतळ आणि परदेश आठवतो. हा विषाणू मात्र अस्सल इथलाच आहे. आणि त्याच्यावर जी काही लस होती, ती आपल्या याच शहरात, हेब्बाळमध्ये तयार व्हायची. 'व्हायची' असं का लिहिलं, ते पुढे सांगते.

पिवळा ताप आला की काय?

गोष्ट 1957 सालची. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली. पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. ही बातमी पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरपर्यंत पोहोचली. आयसीएमआर आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने मिळून 1952 मध्ये सुरू केलेली ही संस्था, म्हणजेच आजची एनआयव्ही. कोरोनाच्या काळात रोज बातम्यांत ऐकलेलं तेच नाव.

माकडं मरतायत हे ऐकून शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा आला. कारण दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पिवळा ताप येतो तेव्हा आधी माकडंच मरतात. भारतात पिवळा ताप कधीच नव्हता, पण तो पसरवणारा डास मात्र घरोघरी होता. तो ताप इथे आला असता तर काय झालं असतं, याची कल्पनाही नको.

टेलफोर्ड वर्क हे तेव्हा त्या संस्थेचे प्रमुख. त्यांच्या चमूने मेलेल्या माकडांचे आणि आजारी माणसांचे नमुने तपासले. विषाणू सापडला, पण तो पिवळ्या तापाचा नव्हता. तो जुळत होता थेट रशियातल्या, गोचिडीमुळे होणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूशी! सायबेरियाचा नातेवाईक शिमोग्यात कसा, यावर बराच खल झाला. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर संशय गेला, पण पुरावा काही मिळाला नाही. एक गोष्ट मात्र नक्की झाली. इथे डासाचा संबंध नव्हता. गुन्हेगार होती गोचीड.

गोचिडीचं वर्ष

हा आजार ठरावीक महिन्यांतच का येतो, हे गोचिडीच्या आयुष्यात दडलंय. पावसाळ्यानंतर अंड्यांतून अळ्या निघतात आणि उंदीर, चिचुंद्री अशा छोट्या प्राण्यांच्या रक्तावर जगतात. डिसेंबरपासून त्यांची पुढची अवस्था सुरू होते. ही पिल्लं इतकी बारीक असतात की अंगावर चढली तरी पटकन दिसत नाहीत. मे महिन्यापर्यंत ती पालापाचोळ्यात दबा धरून असतात. माकडाला चावतात आणि माणसालाही. मोठी झालेली गोचीड पावसाळ्यात गुराढोरांवर पोसली जाते. गुरांना या विषाणूने काही होत नाही, पण चरायला रानात जाऊन येणारी गुरं गोचिडी मात्र वाढवतात आणि इकडून तिकडे नेतात.

वानर आणि लाल तोंडाची माकडं या विषाणूने पटापट मरतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. म्हणून मेलेलं माकड ही गावासाठी पहिली सूचना असते. आजार माणसाकडून माणसाला होत नाही. आणि एक विनंती, 'माकडताप' या नावामुळे परसात आलेल्या माकडांना दगड मारू नका. ती बिचारी आपल्या आधी मरतात.

जंगलात नाही, जंगलाच्या काठावर

इतकी वर्षं हा आजार शिमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांपुरता मानला जायचा. मग 2012-13 मध्ये तो दक्षिणेला बंडीपूरला दिसला, पुढे केरळात वायनाडला. 2015 मध्ये सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात काजूच्या बागेत काम करणारी माणसं आजारी पडली. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात रुग्ण सापडले, आणि पुढच्याच वर्षी बांद्याच्या परिसरात. घाट उतरून दोडामार्गात हत्ती आले तेव्हा त्यांचे फोटो पेपरात छापून आले. गोचिडीचा फोटो कोण काढणार?

एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी 1957 ते 2017 या साठ वर्षांतले विषाणूचे नमुने एकमेकांशी ताडून त्याचा पश्चिम घाटातला प्रवास मांडला. 2020 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आणखी एक काम पुढे आलं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. बेंगळुरूची 'अत्री' ही पर्यावरण संस्था, येलहंकाची 'निवेदी' ही पशुरोगांचा अभ्यास करणारी संस्था आणि ब्रिटनचे शास्त्रज्ञ यांनी मिळून धोक्याच्या जागांचा नकाशा बनवला. आपल्याला वाटतं, दाट जंगलात जास्त धोका. पण धोका जास्त निघाला तो जिथे सदाहरित जंगल आणि बागा एकमेकांत मिसळल्या आहेत आणि जिथे गावठी गुरं भरपूर आहेत, तिथे. म्हणजे थोडं रान, थोडी काजूची किंवा सुपारीची बाग, मध्येच गोठा. डोळे मिटून आपलं गाव आठवा, तेच चित्र दिसेल.

मग आजारी कोण पडतं? पातेरा गोळा करणारी बाई, सरपण आणणारी म्हातारी, गुरं राखणारा, काजूवाला. कोकणात पातेरा भाजवळीला आणि गोठ्यात लागतो. मलनाडात सुपारीच्या बागेला खत म्हणून लागतो आणि त्यासाठी बागेशेजारी खास राखलेलं रान असतं. 'जंगलात जाऊ नका' हे सांगणं सोपं आहे. पण ज्यांचं पोटच त्या पाचोळ्यावर आहे, त्यांनी जायचं कुठे?

हेब्बाळची लस

1990 पासून कर्नाटकात या आजाराची लस दिली जात होती. ती बनायची हेब्बाळच्या पशुवैद्यकीय संस्थेत. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग दरवर्षी एक. सुई दुखायची, त्यामुळे बरेच जण पुढच्या डोसाला यायचेच नाहीत. 2005 ते 2010 मधल्या माहितीवर झालेल्या अभ्यासात दिसलं की दोन डोसांनी सुमारे 62 टक्के संरक्षण मिळत होतं आणि बूस्टर घेतल्यास सुमारे 83 टक्के. तरीही रुग्ण येतच राहिले. 2019 च्या सुरुवातीला सागर तालुक्यात अरळगोडच्या आसपास मोठी साथ आली आणि अनेक जण दगावले.

शेवटी लशीची ताकद पुरेशी नसल्याचं दिसलं आणि 2022 मध्ये ती देणं थांबलं. 2024 च्या हंगामात कर्नाटकात पुन्हा मृत्यू झाले, तेव्हा लोकांच्या हाताशी कोणतीच लस नव्हती. आता आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स मिळून नवी लस तयार करत आहेत. या आजारात बळी जाणारे शहरातले नसतात, विमानाने फिरणारे नसतात. सत्तरच्या जवळपास वर्षं होत आली तरी चांगली लस नाही, याचं कारण मला तरी यातच दिसतं.

ताप परतल्यावर येतो

गावी जाणाऱ्या कुटुंबांनी हा भाग नीट वाचा. गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांनी ताप येतो. म्हणजे रविवारी बागेत खेळलेलं पोर पुढच्या आठवड्यात बेंगळुरूच्या शाळेत असतं तेव्हा आजारी पडू शकतं. अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं, उलट्या, जुलाब. काहींच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं. तपासणीत प्लेटलेट कमी दिसतात. इथला डॉक्टर साहजिकच डेंग्यू धरून चालणार. त्याला माकडताप सुचावा कसा?

म्हणून तुम्हीच सांगा. 'आम्ही दहा दिवसांपूर्वी दोडामार्गला होतो, काजूच्या बागेत होतो, तिथे माकडं मेल्याचं ऐकलंय.' पहिल्या आठवड्यात पीसीआर तपासणीत विषाणू सापडू शकतो. या तापावर नेमकं औषध नाही, पण पाणी, सलाइन, रक्तस्रावावर लक्ष अशा वेळेवरच्या उपचारांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. शंभरातले तीन ते पाच दगावतात. तपासणी होईपर्यंत मनाने वेदनाशामक गोळ्या देऊ नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्तही राहू नका. काही रुग्णांना तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा येतो, तेव्हा तीव्र डोकेदुखी, थरथर, भ्रम अशी लक्षणं दिसतात. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं.

गावी असताना पोरांना पूर्ण पँट घाला, तिची टोकं मोज्यात खोचा. पाचोळ्यावर बसू देऊ नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि पोरं आंघोळीला. कानामागे, काखेत, गुडघ्यामागे हात फिरवून बघा. कुत्रा रानात जात असेल तर त्याचंही अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, जवळ जाऊन फोटोही काढू नका. वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, ते नमुना घेतात आणि आजूबाजूला फवारणी करतात.

कर्नाटकात धोक्याच्या गावांत आरोग्य कर्मचारी अंगाला लावायचं गोचीडरोधक तेल फुकट वाटतात. आजीला पातेरा आणायला जायचंच असेल तर निघण्याआधी ते हातापायांना लावायचं. घामाने ते उतरतं, तेव्हा दुपारी पुन्हा लावायला बाटली तिच्या पिशवीत टाकून द्या.