घाटांतील मळमळ
कराडहून चिपळूणकडे जातांना कुंभार्ली घाटाचीं वळणें लागतांच मागच्या बैठकीवरचें मूल अबोल होतें, जांभया देऊं लागतें, आणि घरचीं माणसें सकाळच्या न्याहारीला दोष देतात. मूळ पोटांत नव्हे, कानांत आहे. अंतःकर्णांतील तोल सांभाळणारें इंद्रिय देह हलत असल्याचें कळवितें, तर पुस्तकावर वा मोबाइलवर खिळलेले डोळे तो स्थिर असल्याची ग्वाही देतात. या विसंवादांतून मळमळ उद्भवते. २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष. यास्तव पुस्तक मिटवून मुलाची दृष्टि समोरच्या दूरच्या डोंगरावर लावावी, कांच उघडावी. उपाशी मात्र नेऊं नये. हलकें खाणें द्यावें. औषध द्यावयाचें तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वींच. ओकारी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटांत टिकत नाहीं.