दस्ताची नोंद आणि मालकीची हमी

आमच्या गोंदिया शहरात एखाद्या व्यापाऱ्याने दुकानासाठी वा भातगिरणीसाठी जागा घेतली, मुद्रांकशुल्क भरले, दुय्यम निबंधकांपुढे अंगठा उमटविला, की 'रजिस्ट्री झाली, आता जागा आपली' असे म्हणून तो निश्चिंत होतो. ही समजूत अर्धीच खरी आहे, हे आम्हांस आज वाचकांच्या नजरेस आणावयाचे आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते, व १९०८ चा नोंदणी कायदा त्या नोंदीची रीत सांगतो. परंतु नोंदला जातो तो दस्त, मालकी नव्हे. विकणाऱ्याचा हक्क जेवढा, तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. मुळातच हक्क नसेल तर सरकारी शिक्का तो कोठून आणणार? पुढे फेरफार होऊन अधिकार अभिलेखात नाव चढते. पण १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे ती नोंदही विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानावयाची. म्हणजे दप्तरे दोन, आणि हमी एकाचीही नाही!

आता दक्षिण ऑस्ट्रेलियाकडे पाहा. तेथे रॉबर्ट टॉरेन्स या गृहस्थाने १८५८ साली निराळाच कायदा करविला. हे पूर्वी ॲडलेड येथे जकातीचे अधिकारी होते. जहाजांची मालकी जशी एका नोंदवहीवरून ठरते, तशीच जमिनीची का ठरू नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता. तेथे नोंदवहीतील नाव हीच मालकी. जुन्या खतांची साखळी धुंडाळण्याचे कारण नाही. आणि कचेरीच्या चुकीने निरपराध मनुष्याची जमीन गेली, तर भरपाई सरकारने द्यावयाची.

मग हीच पद्धत उद्याच येथे आणावी काय? आम्ही म्हणतो, आणावी. पण डोळे उघडे ठेवून. जी नोंद अखेरची, तीतील चूकही अखेरची ठरते. ऑस्ट्रेलियाची वही स्वच्छ दिसली, कारण तेथील मूळ रहिवाशांचा हक्क तीत कोणी लिहिलाच नव्हता. तो मान्य करावयास तेथील सर्वोच्च न्यायपीठास १९९२ साल उजाडले. आमच्या जिल्ह्यात देवरी, सालेकसा या भागांत आदिवासी बांधव राहतात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कन्येस वडिलार्जित मिळकतीत पुत्राइतका हक्क मिळाला, तरी घरोघरी बहिणीचे नाव गाळून भावांचीच नावे चढविण्याची चाल अद्याप सुटलेली नाही. अशा दप्तरावर हमीचा शिक्का मारणे म्हणजे अन्याय कायम करणे होय.

म्हणून आधी प्रत्यक्ष मोजणी व्हावी, गावात जाहीर वाचन होऊन हरकती ऐकल्या जाव्यात, सर्व वारसांची नावे लागावीत. आणि मग सरकारने भरपाईची जबाबदारी पत्करून मालकीची हमी द्यावी. हा क्रम उलटता कामा नये.

तोवर घेणाऱ्याने मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा, फेरफार स्वतः वाचावेत, आणि विकणाऱ्यास एक प्रश्न अवश्य विचारावा : 'तुमच्या बहिणींची संमती कोठे आहे?' हा प्रश्न विचारण्यास संकोच कसला? न विचारल्यास तो पुढे न्यायालयात विचारला जातो, आणि तेव्हा त्याचे उत्तर फार महाग पडते.