मान मोडून घेण्याआधी

गाडीला मागून धक्का बसला किंवा दुचाकी घसरली आणि मान आखडली, की घरातून दोन सल्ले ठरलेले: एक्स-रे काढून टाक, आणि ओळखीच्या कुणाकडून मान मोडून घे. हल्ली मोबाईलवर झटका देऊन मान मोडणाऱ्या कायरोप्रॅक्टरचे व्हिडिओ दिसत असल्यामुळे दुसऱ्या सल्ल्याला फारच जोर आलाय. या दोन्हींच्या आधी डॉक्टरांनी हात लावून नीट तपासायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं.

"एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे काही झालेलं नाही."

एक्स-रेत हाड दिसतं. लिगामेंट, मणक्यांमधली गादी आणि मज्जारज्जू दिसत नाहीत. मानेचं बारीक फ्रॅक्चरही साध्या एक्स-रेतून निसटू शकतं, म्हणून जोराच्या अपघातात डॉक्टर थेट सीटी स्कॅन करायला सांगतात. हातापायांतली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर तातडीने एमआरआय लागतो.

उलट, प्रत्येक दुखऱ्या मानेचा फोटो काढायलाच हवा असंही नाही. यासाठी 2001 साली कॅनडातल्या डॉक्टरांनी एक नियम मांडला. पूर्ण शुद्धीवर असलेल्या रुग्णाचं वय 65 किंवा जास्त असेल, अपघात धोकादायक प्रकारचा असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर फोटो काढायचाच. यातलं काहीच नसेल आणि रुग्ण स्वतः चालतोय किंवा दुखणं उशिरा सुरू झालंय अशी एखादी दिलासा देणारी खूण असेल, तरच त्याला मान दोन्ही बाजूंना 45 अंश वळवायला सांगतात. ती वळली, तर फोटोची गरज नसते. ही परीक्षा डॉक्टरांसमोरच व्हावी, घरी नको.

"एमआरआयमध्ये गादी फुगलेली निघाली, म्हणजे ती अपघातानेच."

जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या 1211 जणांचे एमआरआय काढले, तर 87.6 टक्के जणांची गादी फुगलेली निघाली. नुसत्या रिपोर्टवरून घाबरू नये आणि ऑपरेशनचं तर ठरवूच नये. 'लॉस ऑफ सर्व्हायकल लॉर्डोसिस' हे शब्द वाचून कितीतरी माणसं हादरतात. मानेची नैसर्गिक कमान सरळ दिसतेय, एवढाच त्याचा अर्थ. फोटोच्या वेळी हनुवटी जरा खाली असली तरी ती तशी दिसते.

"कट्ट वाजलं, म्हणजे सरकलेलं हाड जागेवर बसलं."

कायरोप्रॅक्टिक 1895 मध्ये अमेरिकेत डी. डी. पामर यांनी सुरू केलं. सरकलेल्या मणक्यांमुळे आजार होतात, हा त्यांचा दावा सिद्ध झालेला नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोटं ओढतानाचा एमआरआय टिपला, तेव्हा आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. हाड कुठेही बसलं नव्हतं. झटक्याने काहींना आराम पडतो, हे खरं आहे. पण फ्रॅक्चर किंवा फाटलेलं लिगामेंट असेल, तर तोच झटका मज्जारज्जूला इजा करू शकतो. मानेच्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्याही घटना, विरळ असल्या तरी, नोंदलेल्या आहेत. चांगला कायरोप्रॅक्टर अपघाताचं ऐकल्यावर आधी डॉक्टरांची तपासणी मागेल. जो मागत नाही, त्याच्या हाती मान देऊ नका.

आणि अपघातानंतर किंवा झटक्यानंतर डोकं कधी नव्हे इतकं दुखू लागलं, तोल गेला, एकाचे दोन दिसू लागले किंवा बोलणं अडखळलं, तर मालीश करत बसू नका. मान न हलवता आडवं राहा आणि 108 ला फोन लावा.