चुकांचा हिशेब ठेवणारा विभाग

गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोणच्या आसपास, समुद्रसपाटीवर बाराही महिने हवेचे तापमान 26.5 अंश सेल्सियस असते. हवेचा दाब 1013.25 मिलिबार, त्यातल्या बाष्पाचा दाब 26.31 मिलिबार. मे महिन्यात अंग घामाने चिकट होते तेव्हा हेच आकडे, आषाढात घराबाहेर पाय टाकवत नाही तेव्हाही हेच. काणकोणचा माणूस हसेल, पण असे मानून चालणारा एक तक्ता जगभरच्या विमानांतल्या जीपीएस रिसीव्हरांमध्ये बसलेला आहे.

तक्त्यात मोजून पाच ओळी आहेत: 15, 30, 45, 60 आणि 75 अक्षांशांच्या. मधल्या गावांसाठी दोन ओळींच्या दरम्यानची किंमत काढायची. प्रत्येक ओळीपुढे वर्षाची सरासरी आणि ऋतुमानाने होणारा चढउतार. पहिल्या ओळीत मात्र चढउताराच्या रकान्यांत सगळी शून्येच आहेत. 15 अंशांच्या खाली, म्हणजे काणकोणपासून पार विषुववृत्तापर्यंत, ऋतू नाहीतच. मुंबईला थोडा ऋतू मिळतो, दिल्लीला बराच.

उपग्रहाकडून येणारा रेडिओसंदेश हवेतून जाताना किंचित रेंगाळतो. उपग्रह डोक्यावर असेल तर या रेंगाळण्याने अंतर सुमारे 2.4 मीटरने जास्त भरते. क्षितिजापासून पाच अंशांवर असेल तर पंचवीस मीटरच्या घरात. विमानातल्या रिसीव्हरला बाहेरच्या हवेचे दाब-तापमान विचारून हिशेब करण्याची सोय नसते. त्याला तीनच गोष्टी ठाऊक असतात: अक्षांश, उंची आणि आज वर्षातला कितवा दिवस. तेवढ्यावर हवेचा अंदाज बांधून द्यायचा, हे काम 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉल कॉलिन्स आणि रिचर्ड लँगली यांनी केले. त्यांच्या पद्धतीचे नाव यूएनबी-3. यूएनबी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ न्यू ब्रन्सविक, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याकडच्या एका छोट्या प्रांताचे विद्यापीठ. उत्तर अमेरिकेतल्या हवामान-फुग्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर या अंदाजाची डोक्यावरच्या दिशेतली चूक साधारण 5 सेंटिमीटर निघाली. मूळ आकडे 1966 सालच्या अमेरिकी प्रमाण वातावरणाचे होते, हे लक्षात घेता हा निकाल थक्क करणारा आहे. याच पद्धतीचे एक रूप विमानांच्या रिसीव्हरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात गेले. अमेरिकेची वास, युरोपची एग्नॉस आणि आपली गगन या जीपीएसच्या चुका दुरुस्त करणाऱ्या तिन्ही यंत्रणांवर चालणारे रिसीव्हर तेच प्रमाणक पाळतात. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचे एटीआर विमान गगनच्या आधारे राजस्थानातल्या किशनगडला उतरले, त्याची बातमी आपल्याकडे झाली. त्या उतरण्यात न्यू ब्रन्सविकच्या संशोधकांचा वाटा किती, हे बातमीत येण्यासारखे नव्हतेच.

फ्रेडरिक्टन ही न्यू ब्रन्सविकची राजधानी, सेंट जॉन नदीकाठचे लहानसे शहर. तिथल्या विद्यापीठात भूगणित आणि जिओमॅटिक्स अभियांत्रिकी नावाचा विभाग आहे. जीपीएस त्याने शोधलेले नाही. ते अमेरिकी संरक्षण खात्याचे अपत्य. विभागाने काय केले ते बाहेरून चटकन दिसत नाही. मोजमाप नेमके किती चुकते, कशामुळे चुकते आणि चुकीचा कोणता भाग हिशेबाने काढून टाकता येतो, यावर तिथल्या माणसांनी आयुष्ये घातली. नकाशा, उपग्रह, समुद्रतळ, जमिनीची हद्द असे विषय बदलत गेले. धंदा हाच राहिला.

या धंद्याची सुरुवात विभागापेक्षा बरीच जुनी आहे. 1840 मध्ये विल्यम ब्रायडन जॅक हा तरुण स्कॉटिश गणिती तिथल्या किंग्ज कॉलेजात, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या पूर्वरूपात, आला. त्याने म्युनिकहून दुर्बीण मागवली आणि 1851 मध्ये आवारात लाकडी वेधशाळा उभी राहिली. ती अजून उभी आहे. त्या काळी गावाचा रेखांश काढणे म्हणजे दोन ठिकाणच्या स्थानिक वेळांतला फरक काढणे. चार वर्षांनी, 1855 मध्ये, जॅकने तारयंत्राची मदत घेतली. हार्वर्डच्या वेधशाळेशी तारेवरून घड्याळे जुळवली आणि फ्रेडरिक्टनचा रेखांश काढला. त्या अक्षांशावर वेळेतली एका सेकंदाची चूक जमिनीवर सुमारे 320 मीटर होते. आजही उपग्रहांवरून जागा काढायची म्हणजे घड्याळेच जुळवायची. सेकंदाच्या जागी नॅनोसेकंद आले आहेत, आणि एका नॅनोसेकंदाला अंतराचे 30 सेंटिमीटर पडतात.

प्रत्यक्ष विभाग 1960 चा. तेव्हा त्याचे नाव भूमापन अभियांत्रिकी होते. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशे करण्यातला जाणकार गॉटफ्रीड कोनेच्नी याने तो घडवला आणि 1971 मध्ये तो जर्मनीत हानोव्हरला निघून गेला. त्याच वर्षी पेत्र व्हानिचेक आला, मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा. व्हानिचेकने एडवर्ड क्राकिव्स्कीबरोबर लिहिलेला भूगणितावरचा जाडजूड ग्रंथ 1982 मध्ये निघाला आणि या विषयाच्या अनेक पिढ्यांच्या टेबलावर राहिला. त्याची दुसरी कामगिरी भूगणिताच्या बाहेर जास्त पोचली. नोंदी ठराविक अंतराने घेतलेल्या नसतील, मधल्या काही गाळल्या गेल्या असतील, तरी त्यांत दडलेली आवर्तने न्यूनतम वर्ग पद्धतीने शोधायची रीत त्याने साठीच्या दशकाच्या शेवटी मांडली. पुढे खगोलशास्त्रज्ञांनी तीच कल्पना वाढवली, कारण ढगाळ रात्री त्यांच्याही नोंदी गळतात.

क्राकिव्स्की पुढे कॅनडाच्या पश्चिमेला कॅल्गरीत गेला. तिथे 1979 मध्ये असाच विभाग सुरू झाला आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या पुस्तकांत, प्रकल्पांत दिसू लागली. एक गंमत सांगण्यासारखी आहे. न्यू ब्रन्सविकचे प्राध्यापक जॉन मॅक्लॉक्लिन 2002 मध्ये आपल्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूसारखे; आणि कॅल्गरीच्या एलिझाबेथ कॅनन, उपग्रह-स्थाननिश्चितीच्या अभ्यासक, 2010 मध्ये त्यांच्या विद्यापीठाच्या. मोजणी शिकवणाऱ्यांना एवढा मान आपल्या विद्यापीठांत कधी मिळेल, असे वाटून गेले.

या सगळ्यातले मला सर्वांत आवडते काम 1986 चे पुस्तक. डेव्हिड वेल्स या प्राध्यापकाने लँगली, व्हानिचेक, क्राकिव्स्की, कॅल्गरीचे जेरार लाशापेल आणि आणखी काही जणांना बरोबर घेऊन जीपीएसने जागा कशी काढावी याचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. सालाकडे लक्ष द्या. जानेवारी 1986 मध्ये चॅलेंजर यानाचा स्फोट झाला आणि नवे उपग्रह सोडणे लांबणीवर पडले. आकाशात सुरुवातीचे मोजके उपग्रह होते आणि ते दिवसाचे काही तासच एकत्र दिसत. मोजणी करणाऱ्यांना मध्यरात्री, पहाटे, उपग्रह सांगतील तेव्हा तिवई रोवावी लागे. सगळी यंत्रणा पूर्ण झाल्याचे अमेरिकेने 1995 मध्ये जाहीर केले. म्हणजे यंत्रणा उभी राहण्याच्या नऊ वर्षे आधी या मंडळींनी ती कशी वापरायची हे लिहून ठेवले.

तेही साध्या वापरासाठी नव्हे. अमेरिकी लष्कर पुढे नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळू लागले. ती पद्धत मे 2000 मध्ये बंद झाली. पण मोजणीवाल्यांनी आधीच एक वेगळी वाट धरली होती. संदेशातला मजकूर सोडून ज्या लहरीवर तो येतो तीच मोजायची. मुख्य लहरीची लांबी सुमारे 19 सेंटिमीटर; तिचा अंश मोजता आला की अचूकता मिलिमीटरपर्यंत जाते. अडचण एवढीच की उपग्रह आणि रिसीव्हर यांच्यामध्ये एकूण किती पूर्ण लहरी आहेत हे सुरुवातीला कळत नाही. ती पूर्णांक संख्या ओळखणे हाच सगळा खेळ. दुसरा रिसीव्हर ज्ञात जागेवर ठेवला की दोघांच्या सामाईक चुका वजाबाकीत जातात आणि तो पूर्णांक सापडू लागतो. आपल्याकडे भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक आता रोव्हर, म्हणजे फिरता रिसीव्हर, घेऊन बांधावर येतो आणि काही मिनिटांत सेंटिमीटरमध्ये बिंदू सांगतो, तो याच पद्धतीने.

बांधाचा विषय निघाला की मॅक्लॉक्लिनकडे यावे लागते, आणि आपल्याला सर्वांत जवळचा माणूसही तोच आहे. कॅनडाच्या त्या भागात जमिनीचे खरेदीखत माणसाच्या नावाखाली नोंदवले जाई, जमिनीच्या तुकड्याखाली नाही. एखाद्या तुकड्याचा आजचा मालक शोधायचा तर कागदांची साखळी मागे मागे ओढत जायचे. 1973 मध्ये तिथल्या तीन सागरी प्रांतांनी मिळून जमीननोंदणी आणि माहितीची एक संयुक्त यंत्रणा उभारली: आधी पक्के मोजणीबिंदू, मग पायाभूत नकाशे, मग मालकीच्या नोंदी. मॅक्लॉक्लिनचे म्हणणे असे, की जमिनीचा प्रत्येक तुकडा हा एक धागा धरावा आणि मालकी, कर, वापर, कर्ज, पाणी या सगळ्या नोंदी त्यावर ओवाव्यात. इंग्लंडच्या पीटर डेलबरोबर 1988 मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले आणि ते विकसनशील देशांत विशेष वाचले गेले.

सातबारा तलाठ्याकडे, नकाशा भूमी अभिलेखमध्ये आणि खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे म्हणणे समजावून सांगावे लागत नाही. रोव्हर दोन सेंटिमीटर अचूक असला तरी साखळीने मोजलेल्या जुन्या गावनकाशाशी तो जुळेलच असे नाही, आणि जुळला नाही तर भांडण मिटण्याऐवजी नव्याने पेटते. माझ्या मते यंत्र घेण्याआधी जुन्या नकाशाची चूक किती आहे, ते गावोगाव तपासून जाहीर करायला हवे.

विभागाने बाजारातही पाय ठेवला. प्राध्यापक सालेम मास्री यांनी 1979 मध्ये फ्रेडरिक्टनमध्ये कंपनी काढली. समुद्राचे नकाशे करण्याचे तिचे कॅरिस हे सॉफ्टवेअर अनेक देशांच्या जलआलेखन खात्यांत वापरले जाते. शेजारी फंडीचा उपसागर असल्यावर समुद्रतळाकडे लक्ष जाणारच. तिथली भरती-ओहोटी 16 मीटरपर्यंत चढउतार करते, म्हणजे पाच मजली इमारत दिवसातून दोनदा बुडावी आणि उघडी पडावी. अशा पाण्यात खोली मोजणाऱ्याला आधी पाण्याची पातळी मोजावी लागते.

लँगली 1981 मध्ये इथे आला. 1990 पासून त्याने जीपीएस वर्ल्ड या मासिकात अनेक वर्षे सदर चालवले. स्वतः कमी लिहून दुसऱ्या संशोधकांकडून सोप्या भाषेत लिहून घेणे हे त्याचे मोठे कसब. सप्टेंबर 2013 मध्ये कॅसिओप हा कॅनडाचा उपग्रह गेला, त्यावर त्याचे जीपीएस उपकरण होते. अवकाशासाठी खास घडवलेले महागडे रिसीव्हर घेण्याऐवजी कॅल्गरीच्या नोव्हाटेल कंपनीचे बाजारात मिळणारे पाच रिसीव्हर त्यात बसवले होते. उपग्रहाची जागा आणि दिशा ते सांगत, आणि शिवाय जीपीएसचा संदेश आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, जाताना जो बिघडतो त्या बिघाडावरून आयनांबराचाच अभ्यास करता येई. जमिनीवरच्या मोजणीवाल्याला जी चूक नकोशी, तीच इथे हवी असलेली नोंद होती. भारतावरचे आयनांबर विषुववृत्तालगतचे असल्याने भलतेच खट्याळ आहे. म्हणूनच गगनसाठी इस्रोला स्वतःची वेगळी पद्धत बसवावी लागली. हवेच्या थराचा तक्ता बाहेरचा चालला, या थराचा चालला नाही.

विभागाने आपल्या वर्गातली टिपणे आणि तांत्रिक अहवाल इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. टाइपरायटरवर टंकलेली आणि हाताने समीकरणे लिहिलेली सत्तरच्या दशकातली पानेही त्यांत आहेत. पुण्या-मुंबईत या विषयाच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याने व्हानिचेकच्या समायोजन गणितावरच्या 35 क्रमांकाच्या टिपणांपासून सुरुवात करावी. मग क्राकिव्स्की आणि थॉमसन यांचे भूगणिती स्थानांच्या हिशेबावरचे 39 क्रमांकाचे घ्यावे. जीपीएसचे ते 1986 चे पुस्तक आता त्याच मालिकेत 58 व्या क्रमांकावर आहे. त्यातले उपग्रहांचे तपशील जुने झाले आहेत, चुकांवरची प्रकरणे नाहीत.