दंडाची सैल त्वचा
वजन फार मोठ्या प्रमाणावर उतरले, म्हणजे दंडाखाली त्वचेची झोळी लोंबू लागते. दीर्घकाळ ताणल्याने त्वचेतील लवचीक तंतू निकामी झालेले असतात. व्यायामाने स्नायू बळकट होतात, त्वचा मात्र आकसत नाही. शस्त्रक्रियेने ती कापून काढता येते. परंतु काखेपासून कोपरापर्यंत, दंडाच्या आतील बाजूस, कायमचा वण राहतो. तो कालांतराने फिकट होतो, पुसला जात नाही, कधी रुंदावतोही. तेथील मज्जातंतू दुखावल्यास कोपराखालचा काही भाग बधिर होतो. घडीत वारंवार पुरळ उठत असेल, तर एवढे मोल बहुधा परवडते. बिनबाह्यांच्या पोलक्याची हौस असेल, तर त्यात वणही दिसणारच! वजन काही महिने स्थिर राहिल्यावाचून शल्यचिकित्सक सहसा ही शस्त्रक्रिया हाती घेत नाहीत. पुढे ते वाढल्यास त्वचा पुन्हा ताणली जाते.