उन्हाळ्यातली थाळी: विकण्याआधी घरासाठी

वैशाखात अमरावती-अकोल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. संत्र्याचे दोन्ही बहार संपलेले असतात आणि बाजारात पालेभाजी महाग होते. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत तर 'उन्हाळ्यात खायला काय आहे?' असाच प्रश्न विचारला जातो. मी या भागातल्या गावांमधून आहाराविषयी बोलत फिरते. माझा अनुभव असा की खायला बरंच काही असतं, पण त्यातलं पुष्कळ विकलं जातं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडतं. पाठोपाठ टेंभरं पिकतात, चारोळी येते. कोरकू बाया पहाटेच जंगलात जातात, टोपल्या भरून आणतात आणि व्यापाऱ्याला देतात. त्या पैशातून मीठ-तेल येतं, आणि पोरांसाठी पाच रुपयांचा बिस्किटपुडाही येतो. विक्री थांबवा असं मी म्हणत नाही, पैसा लागतोच. एवढंच सांगते, की तोलायच्या आधी घरासाठी ओंजळभर बाजूला काढा.

घरी काय करता येईल?

शेवग्याचा पाला. अंगणातल्या शेवग्याला उन्हाळ्यातही पानं असतात. त्यांत लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचा आधार आहे. कोवळी पानं खुडून धुवा, तुरीच्या डाळीत शिजवा, वरून तेलाची फोडणी द्या. तेल थोडं तरी हवंच, कारण अ जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्धता लागते. भाजी लोखंडी कढईत केली तर उत्तम.

कैरी. पाल्याच्या भाजीतलं लोह शरीरात शोषलं जायला क जीवनसत्त्व मदत करतं. ते उष्णतेनं कमी होतं, म्हणून कैरी भाजीसोबत शिजवून टाकण्याऐवजी कच्ची किसून ताटात वाढा, किंवा लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा मात्र घेऊ नका, त्यानं लोह नीट शोषलं जात नाही.

चिवळ. ही आंबूस रानभाजी वऱ्हाडात उन्हाळ्यातच मिळते. मुळं काढून चार पाण्यानं धुवा, कारण तिच्यात माती फार असते. मग कांदा-मिरचीवर परतून मूगडाळ किंवा बेसन घाला. सोबत ज्वारीची भाकर असली की धान्य आणि डाळ एकत्र येतात, आणि त्यातून मुलाला चांगली प्रथिनं मिळतात.

मोहफूल. केसर काढून, स्वच्छ धुऊन वाळवा. मंद भाजून, भाजलेले तीळ आणि फुटाणे घालून कुटा आणि लाडू वळा. फुलात गोडी भरपूर असते, त्यामुळे गूळ लागत नाही. अगदी लहान मुलांना बारीक कुटूनच द्या. चारोळीचंही तसंच.

पोट लहान असतं, म्हणून मुलाला दिवसातून दोनदा ताट भरून देण्यापेक्षा पाच वेळा थोडं थोडं भरवा. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला हीच डाळ-पाल्याची भाजी मऊ घोटून देता येते, तिखट न घालता. आईचं दूध चालूच ठेवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा रोजचा आहार आहे, औषध नव्हे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा पायांवर सूज दिसली, तर घरी वाट पाहू नका. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंना लगेच दाखवा आणि दवाखाना गाठा. जुलाब लागले तर पन्हं पुरत नाही, ओआरएस द्या.

पावसाळा लागला की ताप आणि जुलाब वाढतात. तेव्हा मुलाच्या अंगात किती बळ असेल, ते या तीन महिन्यांतल्या थाळीवर ठरतं. आपल्या गावच्या पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. आणि चार तोडताना फांदी तोडू नका, कारण पुढच्या उन्हाळ्यातही पोरांना ते झाड लागणार आहे.