डोळे टीव्हीवर, अंगठा अधिकवर

मे महिन्याची दुपार, कूलरची घरघर आणि सिडकोतल्या आमच्या घरात रोजचं एकच भांडण: पहिला रिमोट कोणाचा? नव्वदच्या दशकात, तेव्हाच्या औरंगाबादेत, व्हिडिओ गेमच्या पॅडला आम्ही मुलं रिमोटच म्हणायचो. टीव्ही व्हिडिओकॉनचा, म्हणजे जवळपास घरचाच. त्यांचा कारखाना पैठण रस्त्यावर चितेगावला. गेम मात्र दूरचा. जपानच्या निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये आणलेल्या 'फॅमिकॉम'ची ती नक्कल होती.

त्यातला एक रिमोट परवा माळ्यावर सापडला. वर्तमानपत्र पसरून भाचीसमोर तो उघडला. आत एक रबरी पत्रा, एक हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या थेंबासारखी चिप, आणि अधिकच्या चिन्हासारख्या बटणाच्या पोटाशी तुरीच्या दाण्याएवढा उंचवटा. "हा कशाला?" भाचीने विचारलं.

उत्तर १९८२ मध्ये आहे. तोवर खेळायचं म्हणजे बहुतेक वेळा दांडा हलवायचा. त्याला बैठक लागते, अख्खी मूठ लागते. निन्टेन्डोचे अभियंते गुनपेई योकोई तेव्हा 'डाँकी काँग' हा खेळ घडी घालून खिशात ठेवता येईल अशा यंत्रात बसवत होते. घडीत दांडा मावणार कसा? चार सुटी बटणं दिली, तर अंगठा चुकतो आणि नजर खाली जाते. योकोईंनी चारही दिशा एकाच चपट्या अधिकमध्ये जोडल्या. कोणती बाजू दबते आहे, हे आता अंगठ्यालाच कळू लागलं.

मधला उंचवटा म्हणजे या अधिकचा टेकू. सी-सॉची एक बाजू खाली गेली की दुसरी वर जाते, तसंच इथे. त्यामुळे डावं आणि उजवं एकदम दबत नाही, आणि एकाच क्षणी दोन उलट हुकूम यंत्राला मिळत नाहीत. शेजारच्या दोन बाजू मात्र एकत्र दबतात. 'कॉन्ट्रा' या खेळात तिरपी गोळी सुटायची ती यामुळेच.

बटणाखाली रबराचा छोटा घुमट असतो आणि त्याच्या आत कार्बनची टिकली. दाबलं की घुमट एकदम खचतो, टिकली पट्टीवरच्या दोन रेघांना जोडते आणि वीज वाहते. बटण लागल्याची खूण म्हणजे ते खचणं. बोटाला ते जाणवतं, म्हणून पाहावं लागत नाही.

बटणं आठ, पण मूळ रचनेत तारा फक्त पाच. चिप आठही बटणांची स्थिती एका क्षणात टिपते आणि एकाच तारेवरून ओळीने सांगते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. आपल्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ५० वेळा बदलायचं आणि बहुतेक खेळ प्रत्येक चित्रामागे ही हजेरी एकदा घ्यायचे. सगळं एकाच तारेवरून गेल्यामुळे वायर बारीक राहिली आणि खर्चही कमी झाला.

उजवीकडे 'ए', त्याच्या डावीकडे 'बी'. खेळातल्या मारिओला पळवायला 'बी' दाबून ठेवायचं आणि अंगठा न उचलता, नुसता कलवून, 'ए'वर उडी घ्यायची. नक्कल करणाऱ्यांनी 'टर्बो' नावाची जादा बटणं चिकटवली. अधिकला मात्र हात लावला नाही.

रबर, कार्बन, प्लास्टिक; यात नवलाचा पदार्थ एकही नाही. सरावाचं, स्वस्त तंत्र नव्या कामी लावायचं, ही योकोईंची धारणाच होती. मला ती फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळेच हा खेळ आमच्यासारख्यांच्या घरापर्यंत आला.

टिकल्या स्पिरिटने पुसल्या, स्क्रू आवळले. भाचीचे अंगठे मोबाइलच्या काचेवर वाढलेले. तिथे बटणाला कड नसते, म्हणून बोट घसरतं. पहिल्यांदा ती सारखी खाली पाहायची आणि मारिओ खड्ड्यात पडायचा. पाचव्या डावाला तिची मान वरच राहिली. तुरीच्या दाण्याएवढा तो उंचवटा कशाला, हे मग तिला वेगळं सांगावं लागलं नाही.